दोन कॉलमांचा माफीनामा

केराबाई मदने यांनी आपले दोन्ही हात माझ्या टेबलावर उताणे ठेवले आणि म्हणाल्या, "बघा वकीलसाहेब. ह्या हातांनी लेकरू मारलं आसंल का, ते आदी तुम्ही सांगा. मग फुडचं बोलू."

मी बघितलं. रुंद तळवे, आखूड बोटं, नखं मुळापासून कापलेली. वर्षानुवर्षांच्या तेलानं कातडी इतकी मऊ झालेली, की पन्नाशी ओलांडलेल्या बाईचे हे हात आहेत असं वाटत नव्हतं. खोबरेलाचा आणि ओव्याच्या धुरीचा वास माझ्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत भरून राहिला होता.

"कोण म्हणतं मारलं?"

"शेट्यांच्या माई. वाण्याच्या आळीतल्या."

ही त्र्याण्णव सालच्या डिसेंबरातली गोष्ट. सनद घेऊन मला तीन वर्षं झाली होती. तालुक्याच्या कोर्टामागे, स्टँप व्हेंडरच्या दुकानावर मी खोली घेतली होती आणि भावाभावांच्या वाटणीच्या दाव्यांत तारखा मागत दिवस काढत होतो. केराबाईंना गावात कोण ओळखत नव्हतं! घरात बाळंतीण आली की दुसऱ्या दिवशी केराबाईंना सांगावा जायचा. त्या बाळंतिणीचं अंग रगडायच्या, बाळाला पायांवर निजवून न्हाऊ घालायच्या, टाळू भरायच्या, धुरी द्यायच्या. सव्वा महिन्यानं साडी-चोळी घेऊन दुसऱ्या घरी. बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

"तुमालाबी मीच न्हाऊ घातलंय," त्या म्हणाल्या. "डोकं दुधीभोपळ्यावानी लांबुळकं हुतं तुमचं. रोज चोळून चोळून मी गोल केलं. ईचारा आईस्नी."

मी हसलो. त्याही हसल्या, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले.

झालं होतं ते असं. शेट्यांच्या थोरल्या सुनेला दिवाळीत मुलगा झाला. सतरा दिवस केराबाईंनी त्याला न्हाऊ घातलं. अठराव्या दिवशी सकाळी बाळ निळं पडलं. साताऱ्याला नेलं, तिसऱ्या दिवशी गेलं. डॉक्टरांनी स्वच्छ लिहून दिलं होतं, की बाळाच्या हृदयाला जन्मापासूनच छिद्र होतं. तो कागद शेट्यांच्या घरातच होता. पण माई म्हणजे घरातली कर्ती बाई. पहिला नातू गेलेला. मार्गशीर्षात आळीतल्या एका हळदीकुंकवाला कुणीतरी विषय काढला आणि माई सगळ्या बायकांच्या देखत बोलून गेल्या, "त्या केराबाईनं टाळू दाबली, म्हणून गेलं माझं लेकरू."

वाण्याच्या आळीतल्या चार घरांनी केराबाईंना यायचं बंद करायला सांगितलं.

"टाळू म्हंजी काय आस्तं ठाव हाय न्हवं?" त्यांनी माझ्याच डोक्यावर बोट टेकवायला हात उचलला आणि मधेच थांबवला. "लेकराच्या डोक्यावर मऊ जागा आस्ती. आत धडधड दिसती. तिथं तेल थापायचं आस्तं, नुस्तं बोटाच्या टोकानं. दाबील कोण? राक्षीण बी दाबायची न्हाई."

"तुम्हाला काय हवंय? नुकसानभरपाई मागू आपण."

"पैका नको मला. माईंनी जिथं बोलल्या तिथंच सांगावं, का केराबाईची चूक न्हवती. बास."

लॉ कॉलेजात अपकृत्यांचा कायदा हा माझा लाडका विषय होता. चोर-दरोडेखोर फौजदारीवाल्यांना लखलाभ. शेजारच्या गिरणीचा धूर, कठडा नसलेली विहीर, मोकाट सुटलेला बैल आणि मोकाट सुटलेली जीभ, असं रोजच्या जगण्यात माणूस माणसाचं जे वाटोळं करतो, त्याचा हा कायदा. आमच्या सरांनी पहिल्याच तासाला त्याचं मूळ तत्त्व फळ्यावर लिहिलं होतं: ज्याचं नुकसान झालं त्याला, शक्य तेवढं, नुकसान होण्याआधीच्या जागी परत नेऊन ठेवायचं. मी ते वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. तीन वर्षांत त्याचा एकदाही उपयोग झाला नव्हता, आणि आज तो खटला आपण होऊन माझा जिना चढून आला होता.

"मी घेतो तुमचं काम," मी म्हणालो. "फी नको."

"फुकाट मी काय बी घेत न्हाई." केराबाई ताठ बसल्या. "वहिनीस्नी कितवा?"

"पाचवा."

"म्हायेरी जायाच्या?"

"तिला आई नाही. बाळंतपण आमच्याकडेच."

"मंग झालं तर. ते लेकरू माझ्या पायावर. सव्वा महिना न्हाऊ घालीन, वहिनीस्नी रगडीन, यक रुपया घ्याची न्हाई. ती तुमची फी. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो.

घरी आईला सांगितलं तेव्हा ती खूष झाली. "केराबाई येणार ना? मग मला काही घोर नाही बाबा," असं म्हणून तिनं जुनी धोतरं दुपटी शिवायला काढली. रोहिणीनं, माझ्या बायकोनं, तुमचं डोकं खरंच दुधीभोपळ्यासारखं होतं का, हे आईला चार-चारदा विचारलं आणि आठवडाभर मला त्यावरून छळलं. इतकं साधं, सुखाचं होतं सगळं.

जानेवारीत मी नोटीस पाठवली. बदनामीच्या नोटिशीत एक पथ्य असतं. समोरचा जे बोलला ते शब्द जसेच्या तसे लिहावे लागतात. 'काहीतरी वाईट बोलला' असं मोघम चालत नाही. कोण, कधी, कुठे, कुणासमोर, नेमके कोणते शब्द. मी सगळं बिनचूक लिहिलं, डॉक्टरांच्या कागदाचा हवाला दिला, जाहीर माफी मागितली नाही तर दिवाणी दावा लावण्याचा इशारा दिला, आणि रजिस्टर पोस्टानं पाकीट धाडलं.

दहा दिवसांनी माईंचा थोरला मुलगा विरुपाक्ष स्वतःच माझ्या खोलीवर आला. भुसार मालाचा मोठा व्यापारी, पण अंगावर साधा सदरा आणि चेहरा उतरलेला. मेलेलं बाळ त्याचंच होतं, हे मला तो खुर्चीत बसल्यावर आठवलं. योगायोगानं केराबाईही तेव्हा तिथंच होत्या. त्या उठायला लागल्या तसं तोच म्हणाला, "बसा केराबाई, तुमच्याच कामाला आलोय."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भोईटेसाहेब, आई चुकली. आम्हाला घरात सगळ्यांना माहीत आहे. दुःखात बोलून गेली. तिलाही आता कळतंय, पण तोंडानं म्हणणार नाही, तसा तिचा स्वभाव नाही. मी एक सुचवतो. माझ्या धाकट्या भावजयीचे दिवस भरत आलेत. फाल्गुनात होईल. ते बाळ आई स्वतःच्या हातानं केराबाईंच्या पायावर देईल. बारशाला सगळ्या आळीसमोर त्यांची ओटी भरेल. आळीतल्या बायका बघतील. मग कुणाची काही बोलायची प्राज्ञा आहे का?"

केराबाईंच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी बघितलं होतं. आजही डोळ्यांसमोर आहे. त्यांचे मांडीवरचे हात एकदम हलले, जणू बाळ आत्ताच कुणी पुढं केलं.

"चालंल की वो," त्या म्हणाल्या. "माईंनी लेकरू दिलं म्हंजी समदं आलं."

"थांबा, केराबाई." मी हात वर केला. "शेटेसाहेब, हे लेखी काय देणार?"

"लेखी कशाला? बाळ देतोय की!"

"ठीक आहे. मग दोन्ही करा. बाळही द्या आणि पेपरात माफीनामाही द्या."

विरुपाक्षनं मान हलवली. "ते होणार नाही, साहेब. शेट्यांचं नाव एकदा पेपरात आलं, की आई आयुष्यात ह्यांना उंबऱ्याच्या आत घेणार नाही. मी तिला ओळखतो. दोन्हींतलं एक काय ते ठरवा."

तो गेला. केराबाई माझ्याकडे बघत होत्या. मी खुर्ची पुढं ओढली आणि त्यांना समजावायला लागलो. किती छान बोललो मी! दया वेगळी आणि हक्क वेगळा. उद्या माई म्हणतील, गरीब बाई म्हणून आम्ही बोलावलं, तर? त्या नव्या बाळाला साधा सर्दी-खोकला झाला, तर? बारशाची ओटी काय कोर्टात दाखवता येते? छापलेला कागद जन्मभर राहतो. कुणी काही बोललं की काढून तोंडावर मारायचा. हे सगळं खरं होतं. पण आणखी एक खरं होतं, जे मी त्यांना सांगितलं नाही आणि स्वतःलाही सांगितलं नाही. पेपरात छापून येणारा तो माफीनामा मला हवा होता. खाली 'ॲड. जयवंत भोईटे यांच्या मार्फत' असं लिहिलेला.

"पर लेकरू..." केराबाई म्हणाल्या.

"बाळं काय, गावात होतच राहणार. तुमचं नाव महत्त्वाचं."

त्यांनी मांडीवरचे हात पदराखाली घेतले आणि म्हणाल्या, "मी अडाणी बाई. तुमी शिकल्यालं. तुमी म्हणशीला तसं."

शेट्यांच्या बाजूनं इंगवले वकील होते. साठीचे, पानाचा डबा सतत उघडा, आवाज कधी चढत नसे. बाररूममध्ये त्यांनी माझ्यापुढं एक मसुदा ठेवला. चार ओळींचा. 'गैरसमजातून माझ्याकडून काही शब्द बोलले गेले, त्याबद्दल मला खेद आहे, केराबाईंबद्दल मला पूर्ण आदर आहे', एवढंच.

"हे मोघम आहे," मी म्हणालो. "काही शब्द म्हणजे कोणते? माफी कशाची? असली माफी मी स्वीकारणार नाही."

इंगवल्यांनी पानाला चुना लावला. "जयवंतराव, मी माईंचा वकील. पण तुम्हाला म्हणून सांगतो, गुळगुळीत माफी घ्या. त्या बाईचं त्यात भलं आहे."

मला वाटलं म्हातारा आपल्या अशिलाची अब्रू झाकतोय. मी हसलो आणि म्हणालो, "माझ्या अशिलाचं भलं मला बघू द्या."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि पान तोंडात टाकलं. पुढं ते त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत.

मसुदा मी लिहिला. रात्रंदिवस राबून वगैरे नाही, एका बैठकीत लिहिला, इतका तो माझ्या हातात बसलेला होता. केराबाईंना बोलावून वाचून दाखवला. 'मी, श्रीमती सरस्वतीबाई शेटे, राहणार वाण्याची आळी, जाहीर करते की, बाळंतपणाचे व नवजात बाळांना न्हाऊ घालण्याचे काम करणाऱ्या श्रीमती केराबाई मदने यांनी माझ्या नातवाची टाळू दाबली व त्यामुळे तो दगावला, असे उद्गार मी अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अनेकांसमक्ष काढले. सदर उद्गार पूर्णतः असत्य असून...'

"वकीलसाहेब," केराबाईंनी मला मधेच थांबवलं. "ते टाळू दाबली हे लिवायलाच पायजे का?"

"त्याशिवाय लोकांना कळणार कसं, माफी कशाची ते?"

"ज्यास्नी ठाव हाय त्यास्नी कळंलच की. ज्यास्नी ठाव न्हाई, त्यास्नी कशाला सांगायचं?"

वाक्य अगदी साधं होतं. लॉ कॉलेजच्या पाच वर्षांत असं वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. मी काय केलं? मी त्यांच्याकडे दयेनं बघितलं आणि कायद्याची भाषा कशी असते ते समजावून सांगितलं. मसुद्याच्या तळाशी 'मजकूर मान्य' म्हणून माझी सही होती. शेजारी केराबाईंचा अंगठा घेतला.

दावा टळावा म्हणून शेट्यांनी त्यावर माईंची सही आणून दिली आणि माफीनामा जिल्ह्याच्या पेपरात आला. रविवारी यावा हा आग्रह माझाच, कारण रविवारी वाचणारे जास्त. दोन कॉलमी, चौकटीत. पेपर हातात पडल्यावर मी तो आधी आईला वाचून दाखवला. मग रोहिणीला. तिचा आठवा महिना लागला होता. ती ऐकता ऐकता पोटावर हात ठेवून म्हणाली, "बाई गं, असं म्हणाली होती ती म्हातारी?" तिला आत्तापर्यंत नेमके शब्द माहीत नव्हते. मी घरी कधी सांगितले नव्हते.

सोमवारी बाररूममध्ये सगळ्यांनी पाठ थोपटली. कात्रण मी फाईलला लावलं. इंगवले कोपऱ्यात बसून पान लावत होते.

महिनाभरानं केराबाई आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत, दाराशी जमिनीवर बसल्या. मी आग्रह केला तरी उठल्या नाहीत.

"आदी आळीतली चार घरं गेलती," त्या म्हणाल्या. "आता गावच गेलं बगा."

स्टेशनकडच्या शिक्षक कॉलनीतल्या मास्तरणींना, नव्या प्लॉटांतल्या बँकवाल्यांच्या बायकांना, आसपासच्या खेड्यांतल्या पाटलिणींना वाण्याच्या आळीतल्या हळदीकुंकवाशी काही देणंघेणं नव्हतं. माईंचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं नव्हतं की नातू गेल्याचं. रविवारी सकाळी चहाबरोबर त्यांनी वाचलं, की केराबाई मदने नावाची बाई आहे, ती बाळांना न्हाऊ घालते आणि तिनं बाळाची टाळू दाबली. पुढचं 'पूर्णतः असत्य असून' हेही वाचलं. कुणी म्हणालं, शेट्यांसारखी मोठी माणसं उगीच कुणाचं नाव घेतील होय? कुणी म्हणालं, वकील लावला म्हणून बिचाऱ्यांना माफी मागावी लागली. आणि ज्यांचा माफीनाम्यावर पूर्ण विश्वास बसला तेही म्हणाले, खोटं असेल हो, पण आपलं तान्हं आहे, कशाला विषाची परीक्षा?

"रतनबाईच्या सुनंला दिस भरल्यात," केराबाई सांगत होत्या. "रतनबाईची तिन्ही पोरं मी वाढवली. काल रस्त्यात दिसली आन् वाट सोडून पल्याड गेली. शेट्यांच्या धाकटीला मुलगा झाला. दुसरीच बाई आणली त्यांनी." त्या थांबल्या. "ते माज्या पायावर येणार हुतं वो."

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागलो.

"ह्याच्यावर आता काय कायदा न्हाई का? म्हंजी आता हे जे झालं, त्याच्यावर?"

कायदा होता, पण माझ्या बाजूचा नव्हता. छापलेलं प्रत्येक अक्षर खरं होतं. माई तसं बोलल्या होत्या, आणि ते खोटं होतं. शिवाय मजकूर आम्हीच मान्य केला होता. ज्यानं स्वतः संमती दिली त्याला त्या नुकसानीबद्दल दाद मागता येत नाही, हे अपकृत्याच्या कायद्यातलं आणखी एक मूळ तत्त्व. तेही सरांनी फळ्यावर लिहिलं होतं. ते मात्र मी अधोरेखित केलं नव्हतं.

"नाही, केराबाई," मी म्हणालो.

"आसू द्या." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "अडतीवर धान्य निवडायला जाते आता. चाललंय."

दारात वळून त्यांनी विचारलं, "वहिनी बऱ्या हायेत न्हवं?"

"बऱ्या आहेत."

"मी हाय म्हणावं. काळजी करू नगा."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी झाली. पाचव्या दिवशी दवाखान्यातून घरी आणली. सहाव्या दिवशी सकाळी आठ वाजता दाराची कडी वाजली. केराबाई होत्या. धुवट लुगडं, केस तेल लावून चापून बांधलेले, काखेत कापडी पिशवी. पिशवीतून तेलाच्या बुधलीचं तोंड बाहेर आलेलं.

"फी घिऊन आले, वकीलसाहेब," त्या हसत म्हणाल्या. मग दोन्ही हात पुढं केले, पहिल्या दिवशी टेबलावर ठेवले होते तसेच. "निवडणानं खरबरीत झालते. चार दिस तेल लावलं, कामाला बी गेले न्हाई. आता बगा, झाल्यात का न्हाई मऊ?"

झाले होते. अगदी पूर्वीसारखे नाहीत, पण झाले होते.

"पायावर वाईच पाणी द्या, मंग आत येते. तान्ह्या लेकराचं घर हाय."

मी पाणी आणायला वळलो. तेवढ्यात आतून आईची हाक आली. "जयवंता, जरा इकडं ये."

आई बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभी होती. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "ती नको."

"आई, खोटं आहे ते. मीच तर..."

"मला कळतंय खोटं आहे ते. तुला तिच्याच पायावर दिलं होतं मी, मला काय सांगतोस? पण पेपरात वाचल्यापासून माझं मन धजत नाही. म्हणून दुसरी बाई सांगून ठेवलीय. येईलच आता."

"मी तिला शब्द दिलाय."

"तू दिलायस. पोर रोहिणीची आहे. तिला विचार."

मी रोहिणीकडे बघितलं. तिनं मुलीला कुशीत ओढून घेतलं होतं. डोळ्यांत पाणी होतं, पण नजर चुकवली नाही तिनं. "मला सगळं माहितीय हो. बिचारीचा काही दोष नाही. पण तिनं टाळूला हात लावला, की मला ते वाक्य आठवणार. रोज. मी काय करू?"

मी वकील. बोलण्याचीच भाकरी खाणारा. एक वाक्य पुरलं असतं. मी शेजारी बसतो, माझ्या डोळ्यांसमोर न्हाऊ घालू दे. त्या दोघींनी ते मानलंही असतं. मी ते म्हणालो नाही. तेव्हा वाटलं, बाळंतिणीला त्रास नको म्हणून गप्प बसलो. पुढं कितीतरी वर्षं मी हेच कारण स्वतःला देत आलो. आज खरं सांगतो. मी गप्प बसलो, कारण त्या क्षणी माझीही नजर मुलीच्या डोक्यावर गेली होती. तिथली ती मऊ जागा एकसारखी धडधडत होती, आणि मला ते शब्द आठवले. दुसऱ्या कुणाचे नव्हते ते. मीच निवडलेले, जसेच्या तसे, चौकटीत.

बाहेर आलो तेव्हा माझ्या हातात पाण्याचा तांब्या नव्हता. केराबाईंनी ते बघितलं.

"केराबाई, काय झालं... रोहिणीच्या मावशीनं बाई पाठवलीय. रहिमतपूरहून. आता तिला परत कसं पाठवायचं?"

"रहिमतपूरची?" त्या म्हणाल्या. "तितं हे काम करणारी यकच हुती. माजी नणंद. तीन वरसं झाली, वारली ती."

मला वाटलं आता त्या काहीतरी बोलतील. बोलायला हवं होतं. शिव्या दिल्या असत्या तरी मी खाली मान घालून ऐकल्या असत्या, आणि मला बरंच वाटलं असतं. पण त्यांनी पुढं केलेले हात हळूच मागं घेतले, पदराखाली घेतले, आणि नुसतं म्हणाल्या, "मुलगी का मुलगा?"

"मुलगी."

"लक्षुमी आली." त्यांनी पिशवीतून तेलाची बुधली काढली आणि उंबऱ्याबाहेर, फरशीवर ठेवली. माझ्या हातात दिली नाही. "घाण्याचं हाय. तुमच्यासाटीच काढून ठिवलं हुतं. टाळू रोज भरायला सांगा. तेल कोमट पायजे."

"सांगतो."

"नुस्तं बोटाच्या टोकानं थापायचं, म्हणावं त्या बाईला. दाबायचं न्हाई."

एवढं बोलून त्या पायऱ्या उतरून गेल्या. पाय धुवायला पाणी मागितलं होतं, ते पाणी त्यांना कुणी दिलंच नाही.

मी बुधली उचलून आत आणली. आईनं ती माझ्या हातातून घेतली आणि मोरीतल्या वरच्या फळीवर, फिनेलच्या बाटलीशेजारी ठेवली. थोड्या वेळानं दुसरी बाई आली. तिला मुलगी पायांवर नीट धरता येईना. मुलगी टाहो फोडून रडत होती आणि मी बाहेरच्या खोलीत कोर्टाचे कपडे घालत होतो. त्या बुधलीतलं तेल आमच्याकडे कुणी वापरलं नाही.